मंडळीची तपासणी आखाजीनंतर करा

खानदेशातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक अहवाल उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: उपस्थिती समाधानकारक होती. समाधान कोणाचं, उपस्थिती किती जणांची, कोणत्या महिन्यातली, याचा पत्ता नसतो. पुढे नाताळचा कार्यक्रम, महिला मंडळाची उपवास-प्रार्थना, रंगकामाचा खर्च आणि आभार. एवढ्यावर सभा उठते आणि चहा येतो.

मंडळी निरोगी आहे की नाही हे रविवारच्या गर्दीवरून कळत नाही. ते कळतं घरांच्या यादीवरून आणि रोजकीर्दीवरून. ही दोन्ही दप्तरं मंडळीने वर्षातून एकदा स्वतः उघडून सगळ्यांसमोर वाचली पाहिजेत. कोणी बिशप, कॉन्फरन्स (मंडळ्यांची वरची संघटना) किंवा प्रशिक्षक येऊन ‘तुमचं काय चुकतंय’ हे सांगेल म्हणून थांबू नये. आणि खानदेशात हे वाचन करायचं तर ते आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पेरणीच्या आधी.

आखाजीनंतरच का, तर इथलं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. दिवाळी झाली की नवापूर, साक्री, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागातून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बारडोली, चलथाण, गणदेवीकडच्या कारखान्यांच्या फडावर मुक्काम. परतायला एप्रिल-मे उजाडतो. पूर्वेकडे चोपडा, यावल, रावेर भागात मोसम वेगळा, कापूस वेचणीचा आणि केळीच्या कापणीचा. भुसावळला तर रेल्वेची बदली हाच मोसम. आखाजीला गडी घरी असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात, सालदारांचे करार संपून नवे ठरत असतात. वर्षातले हेच तीन-चार आठवडे असे, की मंडळीतलं जवळजवळ प्रत्येक घर जागेवर सापडतं. नाताळ हा मोजणीसाठी सगळ्यात वाईट काळ. त्या आठवड्यात सुरत-पुण्याहून आलेले पाहुणे बाकांवर असतात आणि मंडळीची बरीच माणसं फडावर.

आकड्यांत पाहू. समजा एका मंडळीत ६० घरं आणि लहानमोठी २५० माणसं आहेत. ऑगस्टच्या चार रविवारी हजेरी १४०, १५१, १३३, १४६, म्हणजे सरासरी साधारण १४२. जानेवारीत तीच ७०. पंच म्हणतात, निम्मी मंडळी गेली. पाळक, म्हणजे पास्टर, म्हणतात, ऊसतोड आहे, काळजी नको. दोघंही चुकतात. यादी काढली तर कळतं की २२ घरांचे कोयते गेलेत आणि त्यांतली ९० माणसं गावात नाहीत. मागे उरली १६०. ऑगस्टमध्ये २५० पैकी १४२ येत होते, म्हणजे शंभरातले ५७. जानेवारीत १६० पैकी ७०, म्हणजे शंभरातले ४४. जे घरीच आहेत त्यांच्यातले तेरा टक्के कुठे गेले, हा खरा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा असं निघतं: जे फडावर गेले त्यांच्यातच ढोलकी वाजवणारा होता, मुलांची शब्बाथ शाळा (रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) घेणारी होती आणि पहाटे घंटा वाजवणाराही. त्यांच्या जागी कोणी नेमलेलंच नव्हतं. उपासना रेंगाळू लागली, पोरं यायची थांबली, पोरांमागून आयाही. यावर संजीवन सभा, म्हणजे जागृतीच्या सभा, भरवून उपयोग नाही. दिवाळीच्या आधी बसून तीन बदली माणसं ठरवावी लागतात.

म्हणून हजेरी वर्षातून दोनदा मोजावी, ऑगस्टचे चार रविवार आणि जानेवारीचे चार रविवार, आणि या दोन सरासऱ्या कधीही एकत्र मिसळू नयेत. मोजणारा दाराशी उभा राहतो आणि चार रकान्यांत खुणा करतो: पुरुष, बायका, पंधरा वर्षांखालची मुलं, पंधरा ते तीसची पोरंपोरी. चौथा रकाना सगळ्यात आधी रिकामा होतो, आणि त्याच्याकडेच सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

मोजणीला विरोध होतो, आणि तो वचनातून, म्हणजे बायबलमधून, होतो. राजा दाविदाने शिरगणती केली आणि देशात मरी आली, २ शमुवेल २४. आक्षेप गंभीर आहे, थट्टेवारी नेऊ नये. पण तिथे त्याचा सेनापती योवाब याने कोण मोजले ते पाहा: तलवार चालवणारे पुरुष. राजाला आपलं बळ पाहायचं होतं. येशूच्या गोष्टीतल्या, नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे गेलेल्या मेंढपाळानेही मोजलंच होतं, नाहीतर एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? किती आहेत हे मिरवायला मोजणं वेगळं आणि कोण नाही हे शोधायला मोजणं वेगळं. आणि प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांत सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रं ही तपासणी नाहीतर काय आहे? त्यांतल्या गरीब स्मुर्णेला आणि थोड्याशा शक्तीच्या फिलदेल्फियाला एकही दोष लावलेला नाही. ‘मला कशाची उणीव नाही’ म्हणणाऱ्या लावदिकीयाच्या वाट्याला एकही शाबासकी नाही. इमारत, बँकेतली ठेव आणि साउंड सिस्टिम यांवरून मंडळीची प्रकृती ठरवणाऱ्यांनी ही दोन पानं कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचावीत.

शिबिरांतून भाषांतरित प्रश्नावल्याही वाटल्या जातात. ‘उपासना प्रेरणादायी वाटते का? एक ते पाच गुण द्या.’ वाईट हेतूने नसतात, पण कोयता त्यांना ठाऊक नाही. शिवाय वाचता येणाऱ्यांचीच मतं त्यांत उतरतात, म्हणजे शिक्षक, नर्स आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी यांची. गुणांची बेरीज सुंदर येते.

आता यादी. बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्म्याची नोंदवही असते, लग्नांची असते, दफनांची असते. घरांची नसते. कोण जन्मलं आणि कोण मेलं ते सापडतं. मधली चाळीस वर्षं कोण कुठे होतं ते सापडत नाही. दोनशे पानी रजिस्टर घ्यावं, एका घराला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे माणसांची नावं, वय, बाप्तिस्मा, दृढीकरण, घरात बोलली जाणारी भाषा, कामधंदा आणि कोणत्या महिन्यांत गाव सोडतात. उजवीकडे फक्त भेटींची नोंद: तारीख, कोण गेलं, काय कळलं, एका ओळीत. उजवं पान वर्षभर कोरं राहिलं तर त्या घराची आणि मंडळीची ओळख संपत आली आहे असं समजावं. साठ घरं आणि सहा वडील (मंडळीने निवडलेले पुढारी) असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा घरं येतात, महिन्याला एक घर. ज्या वडिलाला एवढंही होत नाही त्याने पुढच्या निवडणुकीत उभं राहू नये. हे कठोर वाटेल, पण वडीलपद हा गावातल्या नाना-जिभाऊंचा मान होऊन बसला आहे आणि तो मोडायला ही एक अट पुरते.

गेलेल्यांची नोंद यादीत वेगळी ठेवावी. गेलेली माणसं साधारण चार वाटांनी जातात. काही नोकरीला नाशिक, पुणे, सुरतला जातात. काही शेजारच्या नव्या मंडळीत जातात. काही भांडून घरी बसतात. काही पूर्ण सोडून देतात. अहवालात या सगळ्यांना मिळून ‘गळती’ म्हणतात आणि उपाय एकच, प्रार्थना. पहिल्या वाटेवरच्यांना खरं तर बदलीचं पत्र आणि तिथल्या पाळकाचा फोन नंबर हवा असतो. पोरगा चाकणला कंपनीत लागला आणि सहा महिन्यांत त्याला तिथली मंडळी सापडली नाही, तर दोष पोराचा नव्हे, पत्र न देणाऱ्या सेक्रेटरीचा. दुसऱ्या वाटेवरच्यांना जाऊन विचारावं, वाद न घालता: तिथे काय मिळतं? सात-आठ घरांनी तेच उत्तर दिलं तर रोगाचं नाव कळलं. तिसरी वाट सगळ्यात जुनी. मत्तय १८ मध्ये पायऱ्या दिलेल्या आहेत: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपल्याकडे उलट्या क्रमाने होतं. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग कमिटीत, आणि एकट्याने जाऊन बोलायचं राहूनच जातं.

भाषेच्या रकान्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. नवापूरच्या आसपास घरात मावची चालते, धडगाव-शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात पावरी, तळोदा-अक्कलकुव्याकडे भिलीच्या बोली, धुळे-अमळनेरला अहिराणी, आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीत एकाच बाकावर मराठी, हिंदी, इंग्रजी. वचन, म्हणजे रविवारचं प्रवचन, मात्र प्रमाण मराठीत, तेही जुन्या वळणाच्या. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन-अमेरिकन मिशनरी आले, पूर्वेकडे भुसावळ-जळगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केलं. मराठी ही तेव्हा शाळेची आणि कचेरीची भाषा होती, म्हणून तीच उपासनेचीही झाली. तेव्हाचं कारण समजण्यासारखं आहे. आज मात्र त्यामुळे वडीलपदासाठी नकळत एक अट तयार झाली आहे: ज्याला व्यासपीठावर नीट मराठी बोलता येतं तोच पुढे येतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण याच रेघेवर झालं. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी ‘एकोप्याने राहा’ असा उपदेश करून विषय संपवला नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं वाचली तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती वाटप गेलं. नवापूर तालुक्यातल्या कमिटीत घरी मावची बोलणारे किती, त्यांत बायका किती आणि चेकवर सही कोणाची, हे तीन आकडे काढले तर या बाबतीतली तपासणी पुरी झाली.

भाषेची आणखी एक चाचणी बुधवारी घ्यावी. रविवारी वचन झालं, बुधवारी घरसभेत साठीच्या पुढच्या तीन बायकांना विचारावं, वचनात काय होतं ते तुमच्या बोलीत सांगा. गोष्ट सांगितली तर ठीक. ‘चांगलं होतं’ एवढंच आलं तर ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पाळकांना दोष देण्याचं कारण नाही. वचनाआधी दहा मिनिटं बोलीत गोष्ट सांगणारा एक माणूस तयार करावा. खर्च शून्य.

पैशाकडे वळतो, कारण मंडळ्या फुटतात त्या इथे. शिकवणुकीवरून फुटल्या असं नंतर सांगितलं जातं.

एकूण दानार्पण किती जमलं हा आकडा फसवा आहे. वर्षाला १,२०,००० जमले म्हणून आनंद होतो. घरागणिक काढलं तर समजा चार घरांचे ८०,००० आणि उरलेल्या ५६ घरांचे मिळून ४०,०००, म्हणजे घरटी वर्षाला सातशेच्या आसपास. ही मंडळी चार पेन्शनवर उभी आहे. एक जण मुलाकडे पुण्याला राहायला गेला की पाळकाच्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा गेला. म्हणून रकमेपेक्षा देणारी घरं मोजावीत. साठपैकी पंचेचाळीस घरांनी काहीतरी दिलं, मग ते दाणे असोत, कोंबडी असो वा दहाची नोट, तर मंडळी जिवंत आहे. देण्याचा हंगामही ओळखावा. कापूस विकला जातो तेव्हा, मिरची विकली जाते तेव्हा आणि ऊसतोडीचा हिशेब होतो तेव्हा घरात रोकड असते. दरमहा ठरलेली वर्गणी ही पगारदारांची पद्धत. ती पाड्यावर लादली की गरीब घर दोन महिने थकतं, तिसऱ्या महिन्यात लाजेने उपासनेला येणंच बंद करतं.

आता मोजायची रीत. थैली फिरली की ती देवळाबाहेर जाण्याआधी दोघांनी मोजायची. दोघं एका घरातले नकोत, एका भावकीतले नकोत, आणि खजिनदार त्यांच्यात नको. चिठ्ठीवर नोटा लिहायच्या: पन्नासच्या सात, वीसच्या एकोणीस, दहाच्या एक्केचाळीस, चिल्लर ८६, एकूण १,२२६. दोघांच्या सह्या. चिठ्ठी कीर्दीला टाचायची, रक्कम सोमवारी बँकेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे वाचायचे. कोणी किती दिले ते कधीही नाही. प्रेषित पौलाने देणगी नेताना सोबत दुसरी माणसं घेतली ती याच कारणासाठी, कोणी बोट दाखवू नये म्हणून; २ करिंथ ८ मध्ये तो ते स्पष्ट सांगतो. खजिनदार प्रामाणिक आहे, मग चिठ्ठी कशाला, असं म्हणणारे खजिनदाराचंच नुकसान करतात. चिठ्ठी नसेल तर प्रामाणिक माणसाकडेही आपला प्रामाणिकपणा दाखवायला काही उरत नाही.

गळती कुठे होते तेही ठरलेलं आहे. पहिली जागा हंगामाच्या सणाचा लिलाव. भोपळा, भाताची टोपली, कोंबडा पुकारला जातो, बोली चढते, टाळ्या पडतात, आणि ‘पैसे नंतर देतो’. तीन महिन्यांनी कोणाकडे किती उधारी आहे हे कोणालाच आठवत नाही, आणि विचारणारा कंजूष ठरतो. बोली लागली की लगेच वहीत नाव, रक्कम, सही. मुदत एक महिना. दुसरी जागा मोबाइलची. देवळाच्या दारावर लावलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे? अनेक ठिकाणी तो पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या खासगी नंबरचा निघतो, कारण मंडळीचं खातं चालू करायला ठराव आणि कागदपत्रं लागतात आणि तो खटाटोप कोणी केला नाही. पैसे खाल्ले जात नसतीलही, पण मंडळीचा आणि घराचा पैसा एकाच तळ्यात गेला की हिशेब सांगता येत नाही. तिसरी जागा पगाराची. पाळकाचा पगार तीन महिने थकला की ते उसने घेतात, बहुधा खजिनदाराकडूनच. मग खजिनदाराला कीर्द दाखवा म्हणून सांगणार कोण? म्हणून वर्षाच्या बजेटात पहिली ओळ पगाराची, आणि दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवल्याशिवाय रंगकाम नाही.

जमीनजुमल्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टमध्ये विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला जात नाही. पंधरा वर्षांनी कागदावर तीन मृत विश्वस्त असतात आणि गावात दोन कमिट्या, दोघीही अर्ज घेऊन धर्मादाय कार्यालयात. तिथून बँक खातं अडकतं आणि दानार्पण वकिलाकडे जातं. कलम ३६ प्रमाणे स्थावर मिळकत विकायला किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त, शेतजमीन दहा वर्षांहून जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जुन्या मिशन कंपाउंडच्या कोपऱ्यातली दुकानं आठवून पाहा. तपासणीच्या दिवशी दोन कागद टेबलावर असावेत, शेड्यूल एकचा (ट्रस्टच्या नोंदणीचा) ताजा उतारा आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. त्यांवरची नावं आणि समोर बसलेली माणसं जुळतात का, एवढंच पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते टाळण्यात पिढ्या गेल्या आहेत.

नोंदवहीचा एक नाजूक पदर आहे. काही माणसं दर रविवारी येतात, दानार्पण देतात, पण नाव लिहू देत नाहीत. जातीच्या दाखल्याची भीती असते. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. अनुसूचित जातींसाठीच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, त्यामुळे दलित पार्श्वभूमीच्या कुटुंबाची भीती खरी आहे आणि ती अन्यायातून आलेली आहे. अनुसूचित जमातीच्या दर्जाला मात्र कायद्याने धर्माची अट नाही. नंदुरबारच्या पाड्यांवर हे माहीत नसल्यामुळे उगाच घबराट असते, आणि ‘डीलिस्टिंग’च्या, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना जमातीच्या यादीतून वगळण्याच्या, मागणीच्या बातम्यांनी ती वाढते. मंडळीने हे समजावून सांगावं, आणि ज्याला नाव नको त्याला दटावू नये. हजेरीच्या खुणेत तो आहेच.

लोकांना विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. हात वर करायला लावलं की सगळे पाळकांकडे पाहून हात वर करतात. चिठ्ठ्या लिहायला लावल्या की अर्धे गप्प. याला चवळी चालते. प्रत्येकाच्या हातात एक पांढरी आणि एक लाल चवळी द्यायची, आकार सारखाच, म्हणून मुठीवरून कळत नाही. दोन गाडगी, तोंडाला फडकं, फडक्याला हात जाईल एवढी फट. पांढरी म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. पहिल्या गाडग्यात उत्तर, दुसऱ्यात उरलेला दाणा, म्हणजे कोणाच्या खिशात पुरावा राहत नाही. बायका, पुरुष आणि तरुण यांची गाडगी वेगळी, कारण फरक तिथेच दिसतो. पाळक आणि वडील त्या वेळी बाहेर. निदान चाळीस घरांतून एकेक प्रौढ आला नसेल तर मोजणी पुढच्या रविवारी.

प्रश्न सातांहून जास्त नकोत आणि प्रत्येक प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल हवा. ‘पास्टर साहेबांचं वचन आवडतं का?’ हा प्रश्न नव्हे, ही भिडेची परीक्षा आहे. असं विचारावं: गेल्या दोन महिन्यांत पाळक किंवा वडील तुमच्या घरी आले होते का? गेल्या वर्षात मंडळीचा हिशेब तुमच्या कानावर पडला का? घरात आजारपण आलं तेव्हा मंडळीतलं कोणी सोबत दवाखान्यात आलं का? मंडळीतल्या कोणाशी तुमचं बोलणं बंद आहे का? वर्षभरात तुमच्याकडे एखादं काम सोपवलं का? तुमच्या मुलाला शब्बाथ शाळेत एकटं सोडायला तुम्हाला भीती वाटत नाही ना, असा उलटसुलट प्रश्न करू नये. ‘भीती वाटते का’ एवढंच विचारावं. आणि त्याला एकही पांढरी चवळी निघाली तर बाकीची मोजणी बाजूला ठेवून आधी ते पाहावं. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा पोक्सो कायदा, २०१२ खाली गुन्हा आहे. पाळकांनी किंवा कमिटीने घरातल्या घरात मिटवायची ती बाब नव्हे.

दवाखान्याचा प्रश्न मुद्दाम घातला. डोंगरपट्ट्यात कितीतरी घरं आजारपणातल्या प्रार्थनेमुळे मंडळीत आली, काही दारू सुटल्यामुळे. त्याला हसू नये. पण ‘विश्वास असेल तर गोळ्या सोड’ असं सांगणारी मंडळी आजारी आहे, कितीही साक्षी होवोत. क्षयाचं औषध सहा महिने घ्यावं लागतं, बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडलं तर आजार औषधाला न जुमानणारा होऊन परततो. नंदुरबार भागातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि २०२३ पासून देशभर त्याच्या तपासणीची मोहीम चालू आहे. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाची जाहिरात उपासनेत तीन रविवार वाचली जाते. तिच्याआधी पाळकांनी दोन्हीकडची तपासणीची कार्डं पाहण्याची प्रथा पाडावी. लग्न मोडायला नव्हे, जोडप्याला आधी कळावं म्हणून. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय ज्या पट्ट्यात आहे तिथल्या मंडळ्यांना हे नवीन वाटू नये.

पाळकांबद्दलची चाचणी सोपी आहे. त्यांना वर्षात सलग चार रविवार रजा द्यावी, पगारी, आणि त्या काळात बाहेरचा वक्ता बोलवू नये. उपासना कोणी चालवली, आजाऱ्याकडे कोण गेलं, दफन आलं तर कोण उभं राहिलं? चारही रविवार तीच दोन माणसं दिसली तर मंडळी दोन माणसांची आहे. बहुतेक ठिकाणी तिसरं माणूस बाई निघतं, आणि ती कमिटीत नसते.

एवढं सगळं जमा झालं की मोठी चूक होते ती अशी: बारा दोष सापडतात, बारा समित्या नेमल्या जातात आणि पोळ्यापर्यंत सगळं विरतं. एका वर्षाला एकच काम घ्यावं, जे सगळ्यात खाली आहे ते. कीर्द वाचली जात नसेल तर फक्त कीर्द. भेटींचं पान कोरं असेल तर फक्त भेटी. पुढच्या आखाजीला तोच प्रश्न, तीच चवळी, आणि आकडा हलला का ते पाहायचं. न हलल्यास काम बदलू नये, माणूस बदलावा.

दाणे मोजायला आणि यादी पडताळायला शेजारच्या मंडळीतले दोघं बोलवावेत, एक बाई आणि एक पुरुष, आणि पुढच्या आठवड्यात आपले दोघं तिकडे पाठवावेत. पंथ वेगळा असला तरी चालेल. दाणे मोजायला पंथ लागत नाही. नवापूरहून नंदुरबार किंवा अमळनेरहून धरणगाव, पॅसेंजर गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्यांचं भाडं आणि जेवण मंडळीने द्यावं, आणि ते कीर्दीत ‘तपासणी खर्च’ म्हणून लिहावं, पाळकांच्या खिशातून नको.